एकोणीस फरारी आणि एक घड्याळ

सेर्रामोरा, २३ मे १८६७

सावेरिओ,

माझे अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी मेलेले नाही. सात वर्षांनी भावाचे पत्र आले की माणूस आधी तेच धरून चालतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकले.

मी ठणठणीत आहे. तुझ्या वहिनीचे, मिकेलिनाचे गुडघे सोडले तर तीही ठणठणीत आहे, आणि तोंड पूर्वीइतकेच चालते. मनोऱ्यावरचे घड्याळ अजून माझ्याच हातात आहे आणि ते एका मिनिटानेही चुकत नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात घड्याळाचा काडीचाही दोष नाही.

तू गेलास तेव्हा माझा वितो तेरा वर्षांचा होता. आता विसाचा झाला आणि फौजेच्या भरतीच्या यादीत त्याचे नाव आले. गावातून एकूण एकोणीस जण. तुमचे राज्य आल्यावर पहिल्या भरतीला येथून एकोणतीस पोरांना बोलावले होते. तू तेव्हा इटली एक करायला निघालेल्यांचा लाल सदरा घालून कुठल्या तरी चौकात मिरवत असशील. एकोणतिसांतले चार गेले, बाकीचे रानात पळाले आणि दरोडेखोर झाले. त्यातले परत किती आले ते लिहीत नाही. यंदा मात्र वितोने काय करावे? घरोघर फिरला. "रानात गेलो तर कुत्र्याच्या मौतीनं मरू. त्यापेक्षा दारातनं आत जाऊ, चार वर्षांनी दारातनंच बाहेर येऊ," असे एकेकाच्या आईसमोर बसून बोलला. एकोणिसांचे एकोणीस तयार झाले. सेर्रामोरात विहिरीचा दोर कुणी बदलायचा यावर कधी दोन घरांचे एकमत झालेले तुला आठवते का? मला नाही आठवत.

हुकूम होता: वीस मे, बारा वाजता, चर्चसमोरच्या चौकात हजर व्हावे.

वीस मेला बाराच्या आधीच पोरे चौकात उभी. धुतलेले सदरे, तेल लावलेले केस. माझ्या घड्याळाने बाराचे टोले दिले, मी वरून पाहत होतो, छाती भरून आली. सरकारचा पत्ता नाही. साडेबारा झाले, एक झाला. पोरांच्या आया भाकरीची गाठोडी घेऊन बसल्या होत्या, त्यांची चेष्टा सुरू झाली. "सरकारनं बोलावलं आणि सरकारच फरार झालं गं बाई!" दीड वाजता पोरे कुरणाकडे निघून गेली. गवत कापणीला आले होते आणि कुरण दोन तासांच्या वाटेवर. कुणी अडवलेही नाही. नगराध्यक्ष आकिल्लेसाहेब कप्तानाच्या स्वागताला खाली फाट्यावर जाऊन बसले होते.

आणि आमचे सव्वाचार होऊन गेल्यावर कप्तान आला. म्हणजे तुमच्या बाराला.

तुला समजावायला नको, पण तुझ्या साहेबांना समजावावे लागेल म्हणून लिहितो. संध्याकाळी प्रार्थनेची, आवे मारियाची घंटा झाली की आमचा दिवस संपतो. तिथून एक, दोन, तीन असे बारापर्यंत मोजायचे, मग पुन्हा एकपासून. मे महिन्यात बारा वाजतात ते सकाळी, दूध काढून झाल्यावर. आजोबांच्या आजोबांपासून असेच आहे. तुमच्या रोमच्या वेळेत बारा म्हणजे ऊन डोक्यावर, हे आम्हाला कुणी सांगायचे?

कप्तानाने रिकाम्या चौकात एकोणीस नावे वाचली. तासभर थांबला, सगळ्यांपुढे 'फरारी' लिहिले आणि गेला. तीस जूनपर्यंत ही यादी दुरुस्त झाली नाही तर ती कोर्टात जाणार आणि बंदुका घेतलेले शिपाई घरोघर येणार. वितो काल एवढेच म्हणाला, "मी सरळ चालत गेलो होतो, बाबा. चोर म्हणून पकडायला आले तर मात्र घरात बसून राहणार नाही." तो कुठे जाईल हे तुलाही कळते आणि मलाही.

तू राजधानीत, फ्लॉरेन्सला मोठ्या तारऑफिसात आहेस असे ऐकतो. साहेबांच्या कानावर घाल. ते लोक शहाणे असतील तर एका दिवसात प्रकरण मिटेल.

बाबांबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. आणि डिसेंबरात तू जे काही लिहिले असशील ते माझ्यापर्यंत पोचलेले नाही. पोस्ट तुमच्याच सरकारचे, तेव्हा दोष कुणाचा ते तूच ठरव.

जेरार्दो

सेर्रामोरा, ९ जून १८६७

सावेरिओ,

तुझे चार ओळींचे उत्तर मिळाले. त्यातल्या तीन ओळी वितोसाठी आणि एक माझ्यासाठी: "पत्र पोचलं नाही, तर मी डिसेंबरात लिहिलं होतं हे तुला कुणी सांगितलं, दादा?"

लहानपणीही तू असाच होतास. अंजीर कुणी खाल्ले हे मी कबूल करायच्या आत माझ्या खिशातले देठ मोजायचास.

बरे, पोचले होते. मी ते उघडले नाही. मिकेलिनाच्या हातून बहुतेक चुलीत गेले असावे. झाले समाधान?

आता कामाचे ऐक, कारण प्रकरण वाटले त्यापेक्षा चिघळले आहे. परवा मी आणि आकिल्लेसाहेब जिल्ह्याच्या गावी, पोतेन्झाला कप्तान ओदेल्लोकडे गेलो. माणूस उत्तरेतल्या पिएमोन्तचा, तुमच्या राजाच्या तुरिनकडचा, मिशा कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या. मी सगळी हकीकत सांगितली, आकिल्लेसाहेबांनी ती त्याच्या भाषेत केली. त्याने शांतपणे कपाटातून एक कागद काढला आणि आमच्यापुढे धरला. त्यावर लिहिले होते की सेर्रामोराचे सार्वजनिक घड्याळ बारा डिसेंबरपासून रोमच्या वेळेला लावले आहे. खाली सही आकिल्लेसाहेबांची.

"तुमचं गाव सहा महिने आमच्याच वेळेवर चाललंय," कप्तान म्हणाला. "आता पोरं पळाल्यावर तुम्हाला तुमची जुनी वेळ आठवली. दरवेळी नवीन सबब. मागच्या गावात तर अख्ख्या गावाला एकाच दिवशी ताप आला होता."

बाहेर आल्यावर आकिल्लेसाहेबांनी माझा दंड धरला. "मास्त्रो, मी तुला विचारलं होतं. रोमच्या वेळेचा हुकूम आला त्या दिवशी. घड्याळ बरोबर आहे ना, म्हणून विचारलं होतं."

"मी काय म्हटलं?"

"तू म्हणालास, माझं घड्याळ कधी चुकलंय?"

"मग? कधी चुकलंय?"

ते वाटेतल्या दगडावर मटकन बसले. मोठ्या घरचा माणूस, पण त्या दिवशी मला त्यांची दया आली. घरी येईपर्यंत त्यांनी एक तोडगा काढला. घड्याळ वीस मेला बिघडले होते असे मी लिहून द्यायचे. यंत्र आहे, बिघडते, कुणाचेच नाव खराब होत नाही.

मी नाही म्हटले. मिकेलिनाने ते ऐकले आणि चमचा खाली ठेवला. "एकोणीस पोरांपेक्षा तुझी चाकं मोठी का?" वितोही म्हणाला, "म्हणा ना बिघडलं होतं, बाबा. घड्याळाला काय कळतंय?"

मी म्हटले, "घड्याळाला कळत नाही, पण कप्तानाला कळतं. बंद पडलेलं घड्याळ पोरांना सकाळी बोलवत नाही. खोटं बोलायचं तर निदान बसेल असं तरी बोला." हे कारण खरेच आहे. पण ते एकच कारण नव्हते, हेही तुला लिहून ठेवतो.

तू आता असे कर. सरकारी कागदावर लिहून पाठव की सेर्रामोरात दिवस आवे मारियापासून मोजतात आणि ही सबब नाही. तू तुमच्यातला आहेस, तुझे ते मानतील.

जेरार्दो

सेर्रामोरा, २१ जून १८६७

सावेरिओ,

तुझा कागद काल मिळाला आणि त्यासोबतचे पत्रही. तू लिहितोस की हा कागद काही कामाचा नाही. तो जून महिन्यातला, लिहिणारा सख्खा भाऊ, कप्तान हसून बाजूला ठेवील. "डिसेंबरचं माझं पत्र असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यावर डिसेंबरचा शिक्का होता, आणि घड्याळ अजून जुन्या वेळेवर आहे ते बदल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण ते चुलीत गेलं म्हणतोस."

हे वाचून मी मनोऱ्यावर गेलो.

ते पत्र चुलीत गेलेले नाही. ते घड्याळाच्या पेटीत, वजनाच्या साखळीमागे, जिथे बाबा तेलाची कुपी ठेवायचे तिथे आहे. आल्या दिवशीच उघडले आणि तेव्हापासून किती वेळा वाचले ते विचारू नकोस. मला पाठ आहे. तू लिहिले होतेस, "दादा, बारा डिसेंबरपासून सगळ्या देशाला रोमची वेळ. भर दुपारी बाराची खूण इथून तारेवर मीच पाठवतो. तू त्या क्षणी काटा सरकव. आपण दोघं पुन्हा एकदा एकच काम करू, मी खिडकीशी आणि तू आत."

तुला वाटेल की एवढे गोड पत्र लिहूनही याने का ऐकले नाही. तेच तर सांगतो. म्हणूनच ऐकले नाही.

रोज संध्याकाळी तू मनोऱ्याच्या खिडकीशी उभा राहायचास, डोळे डोंगरावर. मी आत काट्यावर हात ठेवून, माझ्यासमोर नुसती भिंत. बाबा दोघांच्या मध्ये. सूर्य बुडून डोंगरमाथ्यावरचा शेवटचा उजेड गेला की तू ओरडायचास, "आता!" आणि मी काटा सरकवायचो, बाबा घंटेचा दोर ओढायचे. सूर्य रोज थोडा वेगळ्या वेळी बुडतो, म्हणून आमचे घड्याळ असे रोज हाताने जुळवावे लागते. तुमच्यासारखे एकदा लावून विसरता येत नाही. मग तू एक दिवस लाल सदऱ्याच्या मागे निघून गेलास. महिन्याभरात बाबा गेले. त्यांना पुरण्याआधी दोन दिवस वाट पाहिली मी तुझी. पाद्री म्हणाला आता ठेवता येत नाही. तू तेव्हा नेपल्समध्ये होतास हे नंतर कळले. नेपल्स म्हणजे काही अमेरिका नव्हे.

मी तेव्हा तुला निरोप पाठवला की तू आम्हाला पिएमोन्तवाल्यांना विकलेस. तो अजून तुला लागलेला असेल. लागावा म्हणूनच पाठवला होता.

सात वर्षांनी तुझे पहिले पत्र आले आणि त्यात बाबांचे घड्याळ बदल असे लिहिलेले. मला वाटले, बाप पुरायला आला नाही, आता त्याची वेळही पुरायला सांगतो. बारा डिसेंबरला दुपारी मी वर गेलो. ऊन पडले होते आणि थंडी मरणाची. अंदाजाने भर दुपार झाली तेव्हा काट्यावर हात ठेवून उभा राहिलो. तू तिकडे बटण दाबत असशील हे मला माहीत होते. आणि मी हात काढून घेतला. त्या दिवशी मला फार जिंकल्यासारखे वाटले. आता त्या जिंकण्याची किंमत एकोणीस पोरे देणार.

वितोला काल सगळे सांगितले. तो ऐकून घेत होता आणि त्याचा चेहरा अगदी बाबांसारखा झाला होता. मला वाटले ओरडेल. पण म्हणाला, "म्हणजे काका तुम्हाला लिहितात?" मी म्हटले, "लिहितो." "आणि तुम्ही आम्हाला सांगत होता की ते आपल्याला विसरले." मग तो उठला आणि माझे जोडे तेल लावून दाराशी आणून ठेवले.

उद्या पोतेन्झाला निघतो. तुझे पत्र सदऱ्याच्या आत आहे. ते दाखवले की पोरे सुटतील आणि मी अडकेन. त्यात तारखेसकट लिहिले आहे की मला सगळे ठाऊक होते. आकिल्लेसाहेब म्हणतात जाऊ नकोस, दोघेही गोत्यात येऊ. मी म्हटले, तुम्ही घरीच बसा, तुमच्या वाटचेही मी बोलतो. बोलण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

भीती वाटते का म्हणून मिकेलिनाने विचारले. खरे सांगू? वाटत नाही. सहा महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

जेरार्दो

सेर्रामोरा, ९ जुलै १८६७

प्रिय सावेरिओ,

हा शब्द मागच्या तिन्ही पत्रांत राहिला होता. तुझ्या लक्षात आलेच असेल, देठ मोजणारा तू.

सगळे नीट झाले. आता फुरसतीने वाच.

कप्तान ओदेल्लोने तुझे पत्र दोनदा वाचले आणि शिक्का खिडकीजवळ नेऊन पाहिला. त्याचे इटालियन मला समजेना आणि माझे त्याला, म्हणून मध्ये नेपल्सचा एक कारकून बसवला होता. हीच ती एक झालेली इटली! दोन इटालियन एका टेबलाशी बसले की तिसरा दुभाष्या लागतो.

"म्हणजे डिसेंबरपासून तुम्हाला माहीत होतं," कप्तान म्हणाला.

"होय साहेब."

"आणि घड्याळ सहा महिने चुकीचं ठेवलंत."

"घड्याळ बरोबर होतं. चुकलो मी."

कारकुनाने भाषांतर करायचे सोडून माझ्याकडे पाहिले. "असंच सांगू का, मास्त्रो? जरा सौम्य करतो."

"असंच सांग. शब्द बदललास तर याद राख."

त्याने सांगितले. कप्तानाने मग नगराध्यक्षांच्या सहीचा कागद पुढे सरकवला आणि याचे काय म्हणून विचारले. मी म्हटले, "त्यांनी घड्याळ बरोबर आहे का विचारलं, मी हो म्हटलं. त्यांना वेळेतलं फारसं कळत नाही. जेवायची तेवढी कळते." यावर त्या सरळ मिशा पहिल्यांदा वाकड्या झाल्या.

तो उठून खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "आमची आजी असंच मोजायची. सूर्यास्तापासून. आम्ही तिला वेड्यात काढायचो. ती बिचारी कुणाच्या लग्नाला कधी वेळेवर पोचलीच नाही." मग वळून एकदम करडा झाला. "तुम्हाला वाटतं आम्ही तुमची वेळ चोरायला आलोय. माझ्या यादीत एकशे बारा गावं आहेत. प्रत्येकाचा दिवस निराळा असेल तर मी कुणाला कधी बोलावू?"

सावेरिओ, हा प्रश्न बरोबर होता. मी तसे सांगितलेही. म्हटले, "पण साहेब, हुकुमात 'दुपारी' एवढा एक शब्द घातला असता तरी पोरं आली असती. आमच्याकडेही दुपार होते." कारकुनाने हे मात्र न विचारता, जसेच्या तसे आणि आनंदाने सांगितले. कप्तानाने ते लिहून घेतले.

एकोणीस नावांपुढचा शब्द माझ्यादेखत खोडला. आठ जुलै, दुपारी बारा, अशी नवी तारीख दिली. हुकूम मोडल्याबद्दल मला तीन दिवसांची कोठडी. कोठडीत बेर्गामोचा एक शिपाई होता आणि पालेर्मोचा एक खेचरवाला. तिघांची बोली तीन तऱ्हेची, पण तिन्ही दिवस शिव्या तिथल्या एकाच पातळ सुपाला दिल्या. शिपायाला मक्याच्या पिठाचा पोलेंता हवा, खेचरवाल्याला मासे. निघताना तिघांनी गळाभेट घेतली. मिकेलिनाला हे सांगू नकोस, तिला वाटते मी तिथे झुरत होतो.

काल आठ तारीख होती. घड्याळ मी रोमच्या वेळेला लावले आहे, तरी पोरे उजाडताच चौकात येऊन बसली. म्हटले, अरे दुपारी बारा, आता कशाला? तर म्हणे, "मास्त्रो, घड्याळाचं सोडा, आम्ही आता कप्तानाचीच वाट बघतो." बाराला कप्तान आला. एकोणीस नावे, एकोणीस 'हजर'. त्याने यादी मिटली आणि टोपी काढली. एकाचे पाय सपाट निघाले, त्याला परत पाठवले, तर तो रडायला लागला. वितो निवडला गेला. फ्लॉरेन्स आणि बोलोन्यावरून पुढे तुरिनकडे जाणार आहे. तुझ्या तारऑफिसचा पत्ता मी त्याच्या सदऱ्याच्या आत शिवून दिला आहे. त्याला भूक लवकर लागते, तेवढे बघ.

गावातल्या म्हाताऱ्या माझ्याशी बोलत नाहीत. विहिरीवर एक मला ऐकवून म्हणाली, "आता सूर्य कुठं बुडवायचा तेपण तुरिनवालेच सांगणार वाटतं." पण आवे मारियाची घंटा मी पूर्वीसारखीच, सूर्य पाहूनच वाजवतो. घड्याळ राजाचे असेल, संध्याकाळ आमची आहे. कप्तानाला विचारले होते, तो म्हणाला त्याबद्दल हुकुमात काही नाही.

आता एक राहिले. पहिल्या पत्रात मी फुशारकी मारली होती की घड्याळ एका मिनिटाने चुकत नाही. ते खरे नव्हते. तू गेल्यापासून खिडकीशीही मीच आणि काट्याशीही मीच. सूर्य बुडाला की मी खिडकीकडून आत धावतो. अकरा पावले आहेत. माझी पावले आता जड झाली, म्हणजे उशीर वाढतच होता. सात वर्षे सेर्रामोराची प्रत्येक संध्याकाळ अकरा पावले उशिरा झाली आहे. हे गावात कुणाला कळले नाही. मला मात्र रोज कळत होते, आणि रोज तुझा राग यायचा. राग होता असे मी धरून चाललो होतो.

कोठडीतून सुटलो त्या दिवशी मी सरळ पोतेन्झाच्या तारऑफिसात गेलो. बाबांचे खिशातले घड्याळ बरोबर होते, अजून त्यांच्याच वेळेवर चालणारे. तारमास्तरला म्हटले, मला बाराची खूण हवी. त्याने खुर्ची दिली. म्हणाला, "फ्लॉरेन्सहून येते. अगदी क्षणाला येते. काटा धरून बसा आणि हलू नका."

मी बाबांच्या घड्याळाचे काटे बारावर आणून, ते चालू होऊ नये म्हणून किल्ली ओढून धरून बसलो. समोर भिंत होती, पांढरी, अगदी मनोऱ्यातल्यासारखी. मला डोंगर दिसत नव्हता, सूर्य दिसत नव्हता, आणि धावायचेही नव्हते. ते कुणीतरी दुसरा पाहत होता.

यंत्र एकदाच वाजले. सात वर्षांनी तू "आता!" म्हणालास आणि मी किल्ली सोडली.

तुझा दादा,
जेरार्दो